अकरावा आकडा

अलोऱ्यात पावसाळ्यात रंग वाळत नाही. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे निघालं की सह्याद्रीच्या पायथ्याशी हे गाव लागतं, आणि घाटाला अडलेले ढग रिकामे होतात ते इथेच. भिंतींचे पोपडे सुटतात, मीठ ओलं होतं, प्लास्टिकवर मारलेल्या रंगावर हवेतली ओल बसून पांढुरकी साय धरते. म्हणून आठवीतल्या त्या मुलीने बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्याला भोक पाडून आत जुन्या पद्धतीचा, तापणारा बल्ब सोडला होता. त्याच्या उबेत एक वाघीण वाळत होती, मालगाडीची, उघड्या तोंडाची. रेल्वेतली माणसं जिला ‘बॉक्सएन’ म्हणतात ती.

खरी बॉक्सएन एका जोडणीपासून दुसऱ्या जोडणीपर्यंत 10.713 मीटर लांब असते, रिकामी असताना तिचं वजन 22.47 टन भरतं. डब्यातली वाघीण 87 पटींनी लहान होती, म्हणजे लांबीला 123 मिलिमीटर. पुण्याच्या मामाने मे महिन्यात भाचीला कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय दाखवलं होतं. भाऊ जोशींनी आयुष्यभराच्या हौसेतून उभं केलेलं ते संग्रहालय 1998 साली लोकांसाठी खुलं झालं. तिथे मुलगी मांडणीच्या कठड्याला अशी चिकटून उभी राहिली की मामाला तिला ओढून बाहेर काढावं लागलं. पुढच्या महिन्यात मामाने सुट्या भागांचा संच पाठवून दिला. दोन बाजू, दोन टोकं, तळ, दोन बोगी, चार चाकजोड्या. नंबरांचा चिकटवायचा कागद मात्र त्यात नव्हता, नंबर आपला आपणच लिहायचा होता.

घरात या कामाचा जाणकार एकच, तिचे आबा. आबांनी लहान गाडी कधी हातात धरली नव्हती, पण मोठी उभ्या आयुष्यात दुसरं काही धरलं नव्हतं. मध्य रेल्वेत ते नंबर टेकर होते. आधी वाडीबंदर, मग कल्याण. मालगाडी यार्डात आली की एका हातात कंदील आणि दुसऱ्यात वही घेऊन टोकापासून टोकापर्यंत चालायचं आणि प्रत्येक वाघिणीचा नंबर उतरवून घ्यायचा, हे त्यांचं काम. त्या वहीवरून पुढचे सगळे कागद बनत. कोणती वाघीण कुठे आहे, कुणाचा माल तिच्यात आहे, हे साऱ्या रेल्वेला कळायचं ते नंबर टेकरच्या डोळ्यांनी. आता ते काम संगणकावर गेलं. आबाही निवृत्त होऊन गावी आले.

संचाचे भाग साबणाच्या पाण्यात धुण्यापासून सुरुवात झाली, कारण साच्यातलं तेल अंगावर राहिलं तर रंग धरत नाही. मग चिमट्याने एकेक भाग तोडायचा, कानशीने काठ घासायचा, गुण्याला लावून कोपरा काटकोनात आहे का ते बघायचं आणि मगच चिकटवायचं. जोडलेला सांगाडा आरशाच्या काचेवर ठेवून आठही चाकं टेकतात का ते पाहायचं. एक चाक जरी अधांतरी राहिलं तरी वाघीण पहिल्याच वळणावर रुळावरून उतरते. वजनाचंही गणित असतं. अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या संघटनेने या मापासाठी नियम घालून दिला आहे, मुळात एक औंस आणि शिवाय लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. या वाघिणीला ते सुमारे 97 ग्रॅम येत होतं आणि प्लास्टिक तर पिसासारखं हलकं. आबांनी शेजाऱ्यांकडून फाटक्या पागाची शिशाची वजनं आणली, हातोडीने चपटी केली आणि तळावर बसवली. वरून चुलीतला कोळसा कुटून भरला की शिसं दिसणार नव्हतं.

तळाच्या खालच्या बाजूशी गाडं अडलं. खऱ्या वाघिणीच्या पोटाखाली एअर ब्रेकची नळी असते, सिलिंडर असतो, चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्या असतात. संचात फक्त सिलिंडर होता. दांड्या करायच्या तर तांब्याची तार वाकवून त्या एकेक बसवायला हव्या होत्या.

“आबा, नाही केल्या तर? खालून कोण बघणार आहे?”

असं विचारल्यावर आजोबा काय म्हणतील हे आपण सगळे ऐकत आलो आहोत. आबा तसं काही म्हणाले नाहीत. “नको करू,” ते म्हणाले. “तुझ्याच्याने होणार नसेल तर सोड. पण सोडलंस ते लिहून ठेव गो बाय.”

त्यांनी जुन्या पंचांगाच्या मागचा जाड पुठ्ठा कापून दिला. त्यावर मुलीने मथळा लिहिला: ‘खऱ्या वाघिणीत आहे, इथे नाही’. खाली पहिली ओळ लिहिली: ‘ब्रेकच्या दांड्या’.

दुसरी ओळ आठवड्याभराने आली. चाकं रुळावर ठेवल्यावर मुलीला काहीतरी खटकायला लागलं. वाघीण रुंद आणि चाकं मात्र आत ओढल्यासारखी. तिने मोजलं. आपल्याकडच्या रुंद रुळांमधलं अंतर 1,676 मिलिमीटर, त्याला 87 ने भागलं की सव्वाएकोणीसच्या आसपास यायला हवं. तिच्या हातातला रूळ साडेसोळाचा होता. जगभर या मापाचे रूळ बनतात ते युरोप-अमेरिकेतल्या 1,435 मिलिमीटरच्या रुळांवरून, आणि भारतातले हौशी लोकही तेच घेतात, कारण बाजारात मिळतात तेच. म्हणजे पावणेतीन मिलिमीटर खोटे, आणि ते सुधारायचा तिच्यापाशी काही उपाय नव्हता. ती हिरमुसली.

हे तिच्या बाबांनी ऐकलं. ते अलोऱ्याच्या वीजगृहात कामाला. पोफळीला वीज करून खाली आलेलं कोयनेचं पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडतं आणि तिसऱ्या टप्प्याची 80 मेगावॉटची चार जनित्रं फिरवून पुढे वाशिष्ठीला मिळतं. त्या पाण्यावर घर चालणारा माणूस. ते म्हणाले, “खडकवासल्याला जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे ना, तिथे नद्यांच्या प्रतिकृती करतात. आडवं माप जेवढं लहान करतात तेवढंच उभं केलं तर पाणी नुसतं कागदाएवढं पातळ होईल, वाहणारच नाही. म्हणून खोलीचं प्रमाण मुद्दाम वेगळं धरतात. नदी खोटीच असते, पण किती खोटी ते नकाशावर लिहिलेलं असतं. त्यामुळे तिच्यावरून काढलेला हिशोब खऱ्या नदीला लागू करता येतो.”

दुसरी ओळ लिहिली गेली: ‘रुळांची रुंदी 16.5 मि.मी. आहे, 19.26 हवी’. मला वाटतं, या छंदातली सगळ्यात मोलाची वस्तू तो पुठ्ठा होता. लहान आकारात सगळं खरं कधीच मावत नाही. पत्र्याची जाडी जास्तच येते, जोडणी बोजड होते, रंगसुद्धा तंतोतंत धरला तर डोळ्यांना काळपट दिसतो म्हणून किंचित फिका करावा लागतो. कुणीही केलेली कुठलीही प्रतिकृती अशा शेकडो तडजोडींवर उभी असते. यातल्या किती आपल्याला ठाऊक आहेत, आणि किती आपण विचारणाऱ्याला सांगू, एवढंच आपल्या हातात उरतं.

लालसर तपकिरी रंगाचे दोन पातळ हात बल्बच्या उबेत वाळले. आतल्या बाजूला कोळशाची पूड कोरड्या ब्रशने घासली, चाकांवर नि बोगींवर जांभ्याची चाळलेली धूळ फुंकली. उरला नंबर.

नंबर म्हटल्यावर आबा पाटावर सरळ होऊन बसले. वाघिणीचा नंबर अकरा आकडी असतो. पहिले दोन आकडे वाघिणीची जात सांगतात. 10 ते 29 म्हणजे उघडी, तिशीतले झाकलेल्या वाघिणींचे. पुढचे दोन मालक रेल्वेचे, मध्य रेल्वेचे 01. नंतरचे दोन बांधणीच्या सालाचे. मग चार आकडे त्या एकट्या वाघिणीचे स्वतःचे. “साल 98 घाल,” आबा म्हणाले. “26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत सलग सुरू झाली. त्या साली जन्मलेली वाघीण असू दे.” दहा आकडे ठरले: 1001982733.

“आणि अकरावा?”

“अकरावा आपण ठरवायचा नसतो. तो आधीचे दहा ठरवतात.”

त्यांनी पाटीवर मांडून दाखवलं. सम जागांवरचे आकडे घ्यायचे, दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा. शून्य, एक, आठ, सात, तीन, म्हणजे 19. त्याची तिप्पट 57. विषम जागांवरचे एक, शून्य, नऊ, दोन, तीन, म्हणजे 15. दोन्ही मिळून 72. पुढचा पूर्ण दशक 80, त्याला कमी पडतात 8. म्हणून अकरावा आकडा 8. कुणी कुठलाही एक आकडा चुकीचा वाचला की अकराव्याशी मेळ बसत नाही आणि चूक उघडी पडते. मुलीने लगेच स्वयंपाकघरातला बिस्किटाचा पुडा आणला. त्यावरच्या पट्ट्यांखाली 890 ने सुरू होणारा तेरा आकडी नंबर होता. तोही याच रीतीने, एक सोडून एक आकड्याला तिप्पट करून, बरोबर शून्यावर आला. दुकानातलं यंत्र टिक् करतं त्याआधी हीच बेरीज करतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

“तुमच्या वेळी होता अकरावा?”

“उशिरा आला. आधी नुसते साधे नंबर.” आबा थोडे थांबले. “एका यार्डात माझ्याबरोबर एक तरुण पोरगा होता. भर पावसाची रात्र, वाघिणीवर चिखल, नंबरातला एक आकडा दिसेना. तीन की आठ? तीन धरला आणि पुढे गेला. नाय वाचता आला असं लिहायची सोय होती. दुसऱ्याने सकाळी उजेडात बघितलं असतं. पण वहीत मोकळी जागा सोडायची त्याला लाज वाटली. कागदावर वाघीण एकीकडे गेली, खरी गेली दुसरीकडे. आत सिमेंट होतं. ते सापडेस्तोवर दगड झालं.”

गणपतीच्या सुट्टीआधी शाळेत छंदांचं दोन दिवसांचं प्रदर्शन होतं. आदल्या रात्री मुलगी नंबर लिहायला बसली. टाकाचं सगळ्यात बारीक निब, पांढरा रंग, दोन मिलिमीटर उंचीचे आकडे. श्वास रोखून एकेक. दहा आकडे झाले तेव्हा अकरा वाजून गेले होते. आठ हा या मापात सगळ्यात कठीण, दोन पोकळ्या राखाव्या लागतात. एक आठ सहाव्या जागी कसाबसा जमला होता. शेवटचा फिसकटला. तिने दातकोरण्याने खरवडला, पुन्हा काढला, पुन्हा दोन्ही पोकळ्या भरून तो नुसता ठिपका झाला. तिसऱ्यांदा खरवडलं तर खालचा तपकिरी रंग निघायला लागला. तिने निब टेकवलं आणि वरून खाली एक रेघ ओढली. एक.

लांबून नंबर सुंदर दिसत होता.

“झाला?” आतून आबांनी विचारलं. “बेरीज घेतलीस ना?”

“घेतली,” ती म्हणाली. ते खरंच होतं. आणि दोन मिलिमीटरचे आकडे वाचण्याइतके आबांचे डोळे राहिले नव्हते.

प्रदर्शनात परीक्षक म्हणून कोयना प्रकल्पातून निवृत्त झालेले एक अभियंते आले होते. ते वाघिणीपुढे बराच वेळ थांबले, आणि वाघिणीपेक्षा जास्त वेळ पुठ्ठ्यापुढे. तोवर त्यावर चार ओळी झाल्या होत्या. त्यांनी चारही वाचल्या, रुळांच्या रुंदीची दोनदा. “असं लिहिलेलं मी शाळेत पहिल्यांदा बघतोय,” ते म्हणाले. “म्हणजे या चार गोष्टी सोडल्या तर बाकी सगळं खऱ्यासारखं?”

“हो,” मुलगी म्हणाली.

पुठ्ठा नसता तर या ‘हो’ला काही वजन नव्हतं. चार ठिकाणी खरं सांगितल्यामुळे पाचव्या ठिकाणी तिच्यावर विश्वास ठेवला गेला. साध्या खोट्यापेक्षा हे जड असतं आणि तेरा वर्षांच्या मुलीलाही ते नेमकं जाणवतं. ती दिवसभर टेबलापासून हलली नाही, पण कुणाशी नीट बोललीही नाही.

संध्याकाळी आबा तिला घेऊन चिपळूण स्टेशनवर गेले. मुंबईहून गणपतीला आत्या येणार होती. कोकण रेल्वे बहुतेक सगळी एकेरी, त्यामुळे प्रवासी गाडीला वाट द्यायला मालगाडी स्टेशनात बाजूच्या रुळावर उभी करतात. तशी एक उभी होती, झाकलेल्या वाघिणींची, पावसात निथळणारी. आत्याची गाडी उशिरा होती. मुलगी फलाटाच्या कडेला उभी राहून समोरच्या वाघिणीवरचा नंबर वाचू लागली. सम जागा, तिप्पट, विषम जागा, अकरावा. बेरीज शून्यावर संपली. पुढची वाघीण. शून्य. त्याच्या पुढची गंजलेली, नंबर अर्धा पुसून पुन्हा रंगवलेला. शून्य. फलाटाच्या छपराखालून दिसत होत्या तेवढ्या साऱ्या वाघिणी तिने मोजल्या. कुठल्या कुठल्या कारखान्यांत बांधलेल्या, कुठल्या कुठल्या वर्कशॉपमध्ये कुण्या कुण्या रंगाऱ्याने घाईगर्दीत नंबर घातलेल्या, आणि एकही चुकलेली नाही. तिच्या वाघिणीची बेरीज 73 येत होती.

“आबा,” तिने विचारलं, “तो सिमेंटवाला माणूस… त्याचं पुढे काय झालं?”

“काय व्हायचंय? चौकशी झाली, पण कुणी चुकवलं ते कुणाला कळलंच नाय.”

“मग तुम्हाला कसं कळलं?”

“तो निवृत्त झाला त्या दिवशी त्याने सांगितलं. हारतुरे झाले, फोटो झाले, सगळे गेले नि मला बाजूला घेऊन म्हणाला, तो तीन मी लिहिला होता. पंचवीस-तीस वर्षं झाली असतील. सिमेंट कुणाच्या ध्यानात पण नव्हतं.”

आत्याची गाडी आली. सामान, पाऊस, रिक्षावाल्यांची ओढाताण यात पुढचं बोलणं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदर्शन उघडायच्या आत पुठ्ठ्यावर पाचवी ओळ होती: ‘नंबरातला शेवटचा आकडा 1 काढला आहे. तो 8 हवा. 8 जमला नाही म्हणून 1 काढला. काल विचारलं तेव्हा सांगितलं नाही.’ परीक्षक फिरत फिरत पुन्हा त्या टेबलाशी आले, वाचलं आणि काही न बोलता खिशातून पेन काढून आपल्याच कागदाच्या पाठीवर बेरीज मांडू लागले. रीत त्यांना ठाऊक नव्हती. मुलीने समजावून सांगितली. 72 आणि 8 पर्यंत पोचल्यावर ते हसले, आणि पुढची पाच मिनिटं दोघं जण वाघीण विसरून नुसते आकड्यांबद्दल बोलत होते. पहिलं बक्षीस शेजारच्या टेबलावरच्या सुपारीच्या विरीच्या टोप्यांना मिळालं. त्या टोप्या फार छान होत्या.

घरी आल्यावर मुलीने वाघीण कपाटावर ठेवली. बाजूला पुठ्ठा उभा केला.

“आकडा बदलणार नाहीस?” आबांनी विचारलं.

“पण आता लिहिलंय ना तसं.”

“रुळांची रुंदी तुझ्या हातात नाही, म्हणून लिहून ठेवायची. आकडा तुझ्या हातात आहे. तो दुरुस्त करायचा आणि ओळ खोडायची.”

गणपती गेल्यावर तिने तेवढ्या जागेवर तपकिरी रंगाचा ठिपका दिला, बल्बखाली दोन दिवस वाळवला आणि आठ काढला. निबाने नाही जमला म्हणून सुईच्या टोकाने काढला. आधी पांढरा ठिपका, मग त्यात तपकिरी रंगाने दोन पोकळ्या. पाचवी ओळ खोडली. ओळ खोडली तरी वाचता येत होती, आणि आबांनी ती तशीच राहू दिली.

त्याच रात्री जेवणं झाल्यावर ती पाटी घेऊन आबांच्या खाटेपाशी आली.

“आबा, हे बघा. यातला आठवा आणि दहावा आकडा मी उलटसुलट केला. 2733 च्या जागी 2337. दोन्ही सम जागा आहेत, म्हणून बेरीज तीच येते, बहात्तरच. अकरावा पुन्हा आठच. नंबर चुकलाय, पण अकराव्या आकड्याला तो कळतच नाही.”

आबांनी पाटी जवळ ओढली, चष्मा लावला आणि बोटाने एकेक आकडा मोजत बेरीज करून पाहिली. मग पुन्हा पाहिली.

“मग अशी चूक कोण पकडणार?” मुलीने विचारलं.

“कोण म्हणजे?” आबा म्हणाले. “जो वाघिणीजवळ जाऊन कंदील वर धरील तो.”